कपाटामागचा चिखल

दुपारी कुळीथ निवडत बसले होते, तेवढ्यात पुण्याहून भाचीचा फोटो आला. कुठल्याशा विद्यापीठाच्या कलादालनात नदीवर प्रदर्शन भरलंय. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर तळहातांनी फासलेला चिखल! खाली मेसेज : रिचर्ड लाँग म्हणून इंग्रज कलाकार आहे, तो एव्हन नदीचा चिखल असाच हातांनी भिंतीवर लावतो, मुलांनी त्याच्यावरून केलंय.

मला आधी भिंतीचीच काळजी वाटली. चिपळूणकर माणूस दुसरं काय करणार?

शाळेत मी एकदा नदी तांबडी रंगवली होती. आषाढात वाशिष्ठी तांबडीच असते, दूध जास्त झालेल्या चहासारखी. बाईंनी वरून निळा फिरवला, नदी जांभळी झाली. दहात चार. तेव्हापासून निळी नदी दिसली की मी पान उलटते, कॅलेंडरचं असलं तरी.

आजोळ गोवळकोटचं. ओहोटीला खाडीचा चिखल काळा, लोण्यासारखा. गुडघाभर रुतून आलं की पोटऱ्यांवर वाळून त्याचे राखाडी पोपडे व्हायचे. ते सोलण्यात जी मजा होती, ती नंतर कशातच आली नाही. आजी न्हाणीबाहेरच उभं करायची आणि तांब्याने पाणी ओतता ओतता ओरडायची, "मगरीनं नेलं असतं तर तुझ्या आईला काय सांगणार होते मी?"

तरी वाशिष्ठीतलं उन्हाळ्याचं पाणी म्हणजे कोयनेचं अवजल, वापरून सोडलेलं. कृष्णेकडे निघालेली ही बाई, बोगद्यातून वळवून, पोफळीला वीज करायला लावून आमच्याकडे पाठवलेली. हिला कुठला रंग द्यायचा, ते बाईंनाच विचारायला हवं होतं.

२२ जुलै २०२१ ला नदीने आमच्या भिंती स्वतःच रंगवल्या. नंतर आठ दिवस फावडी, खराटे आणि तो वास. दिवाळीआधी रंगारी आला, तेव्हा वरच्या खोलीतलं कपाट तेवढं हलवू दिलं नाही. जड आहे म्हटलं. जड कसलं! त्याच्यामागे सासूबाईंचा पंजा आहे. त्या पहाटे चिखलाच्या हातांनी जिना चढून आल्या आणि भिंतीला टेकल्या, तेव्हाचा. पाचही बोटं स्पष्ट. त्या गेल्या त्याला दोन वर्षं झाली.

भाचीचा पुन्हा मेसेज. "मावशी, प्रोजेक्टला वाशिष्ठीचा चिखल पाठवशील का डबाभर? पुरातला असेल तर भारीच."

"खाडीतला पाठवते," मी लिहिलं. "पुरातला संपला गं."