लिख्टेनबर्गचा कारखाना आणि लातूरचे पाणी

मी मूळचा औसा तालुक्यातला. गेली नऊ वर्षे जोहान्सबर्गमध्ये हिशेब तपासनिसाची नोकरी करतो. कामानिमित्त वर्षातून तीन-चारदा नॉर्थ वेस्ट प्रांतातील लिख्टेनबर्ग या गावी जावे लागते. वाटेतील मक्याची सपाट राने पाहून घरची आठवण येते, पण गावात शिरताच मन खट्टू होते. रस्त्यातील खड्ड्यांत शेतकऱ्यांनी स्वतःच ट्रॅक्टरने आणून टाकलेला मुरूम दिसतो आणि प्रत्येक दुकानामागे पाण्याची टाकी व डिझेलचा जनरेटर असतो.

याच गावात दक्षिण आफ्रिकेतील सर्वांत मोठा चीजचा कारखाना होता. ऑक्टोबर 2020 मध्ये राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी कोरोनाने खिळखिळी झालेली अर्थव्यवस्था सावरण्याची योजना संसदेत मांडली. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच जून 2021 मध्ये क्लोव्हर या दूध कंपनीने हा कारखाना बंद करून उत्पादन डर्बनकडे हलवत असल्याचे जाहीर केले. माल खपत नव्हता म्हणून नव्हे, तर पाणी आणि वीज वारंवार खंडित होत होती आणि नगरपालिकेकडून देखभाल होत नव्हती म्हणून. सुमारे 330 जणांचा रोजगार गेला.

नगरपालिका कोलमडली तर येथील राज्यघटनेच्या कलम 139 नुसार प्रांत सरकारने कारभार हाती घ्यायचा असतो. परंतु नॉर्थ वेस्ट प्रांताचीच घडी इतकी विस्कटली होती, की 2018 मध्ये कलम 100 वापरून केंद्र सरकारला तेथे हस्तक्षेप करावा लागला होता. ज्याने हात द्यायचा, तोच गटांगळ्या खात होता. शाळा आणि रुग्णालये प्रांत चालवतात, त्यासाठीचा बहुतेक पैसा केंद्राकडून येतो, आणि तो खर्च करणारी यंत्रणा पोखरलेली असली की राजधानीत आखलेली योजना गावाच्या वेशीपर्यंतही पोहोचत नाही. तरीही येथील वर्तमानपत्रांत चर्चा होते ती व्याजदराची आणि रँड या येथील चलनाच्या भावाची. मला ही चर्चा अपुरी वाटते, कारण तो कारखाना व्याजदराने गेला नाही.

आपल्याला हे परके वाटू नये. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा देशाच्या विकासदराचे आकडे चांगलेच होते. त्याच उन्हाळ्यात वडिलांनी दावणीच्या दोन्ही गाई विकल्या. मराठवाड्याचा अनुशेष मोजून निधीचे न्याय्य वाटप सुचवण्यासाठी 1994 मध्ये नेमलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली; ऐन टाळेबंदीत, जेव्हा पुणे-मुंबईहून माणसे गावाकडे परतत होती.

मागच्या रविवारी फोनवर वडिलांना ही कारखान्याची हकिगत सांगितली. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “मग तिथले लोक आता दूध कुठं घालतेत?”