हलगी, गोंधळ आणि वीस बाजूंचा फासा: कोल्हापुरात टेबल उभं करतानाचा माझा अनुभव

पुण्यात कॉलेजला असताना मला डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या गोष्ट रचत खेळायच्या खेळाचा नाद लागला. चार वर्षं जवळपास दर शनिवारी रूमवर खेळलो, आणि कोल्हापूरला परत येऊन उद्यमनगरात घरच्या वर्कशॉपला बसायला लागल्यावर महिनाभरातच लक्षात आलं की इथं मला सोबत खेळायला कोणच नाही. म्हणजे शहरात खेळणारे असतीलही, मला सापडले नाहीत. मग ठरवलं की आपणच डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) व्हायचं आणि घरातल्या, गल्लीतल्या माणसांना शिकवायचं. ते नीट जमायला वर्ष गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डीएम गोष्ट सांगतो, प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं, तो सांगतो मी असं असं करतो, आणि ते जमलं की नाही हे बहुतेक वेळा वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. बोर्ड नसला तरी चालतं. कागद, पेन्सिल, फासे आणि बोलायची तयारी एवढं लागतं.

आमचे पाच जण असे. मावसभाऊ, आत्येबहीण जिला मी ताई म्हणतो आणि जी नर्स आहे, शाळेपासूनचा एक मित्र, त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी, आणि शेजारचा अकरावीतला पोरगा जो तालमीच्या लेझीम पथकात हलगी वाजवतो. जागा मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराची माडी, वर पत्रा. वेळ आधी रविवारी दुपारी तीनची ठेवली होती ती दोनदाच टिकली, कारण रविवारी मटणाचं जेवण झाल्यावर तीन वाजता कोल्हापुरात कुणाला तलवार उचलायला लावू नये. मग साडेपाच केली.

पहिलं सेशन मी पुण्यात शिकलो तसंच चालवलं. रस्त्याकडेची सराई, कोपऱ्यात झगा घातलेला गूढ म्हातारा, दाढीवाला बुटका लोहार, मागे लॅपटॉपवर बॅगपाइप आणि व्हायोलिनची दोन तासांची प्लेलिस्ट. पुण्यात ह्यावर आम्ही रात्र रात्र काढायचो. इथं मी विचारलं, काय करताय, आणि पाचही जण गप्प. मित्र इंग्लिशमध्ये बोलायला लागला, त्याला वाटलं असंच बोलायचं असतं. मावसभाऊ माझ्याकडं बघून म्हणाला, दादा तूच सांग की काय करायचं. आणि वहिनींनी अगदी साधं विचारलं, "भावजी, ह्या गावाची देवी कुठली?"

मला उत्तरच देता येईना. मी त्या गावाचा नकाशा काढलेला, राजाचं नाव ठरवलेलं, दारूचे भाव लिहिलेले, पण देवी कुठली, जत्रा कधी, पाणी कुठनं येतं, काहीच ठरवलं नव्हतं. वहिनी गारगोटीकडच्या, त्यांना गाव म्हणजे आधी हेच दिसतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगतो.

मग आठवलं की हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनी १९७४ मध्ये आणला आणि १९७९ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात गायगॅक्सनी मागं एक यादीच दिली होती, आपल्याला कुठल्या लेखकांनी, कुठल्या पुस्तकांनी हा खेळ सुचवला त्याची. म्हणजे सराई, झगे आणि बुटके लोहार आभाळातनं पडलेले नाहीत, त्यांनी लहानपणापासून जे वाचलं त्यातनं ते आलं. मी त्यांच्या यादीतनं खेळत होतो. माझी यादी मी कधी केलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर वही घेऊन बसलो आणि लिहीत गेलो: पोवाडा, गोंधळ, कुस्तीच्या मैदानातली हलगी, पन्हाळ्याची अंधारबाव, जोतिबाच्या सासनकाठ्या, गणपतीतला डॉल्बी, पुराच्या वेळचे व्हॉट्सॲप मेसेज. पुराचं मी का लिहिलं ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

यादीत पन्हाळा होता म्हणून मी पहिली मोठी चूक केली. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा घेतला आणि सरळ खेळायला ठेवला. जुलैची रात्र, पाऊस, शिवा काशीद पालखीत, बाजीप्रभू घोडखिंडीत, विशाळगडावरच्या तोफांची वाट बघणं, सगळं तसंच्या तसं. मला वाटलं ह्यापेक्षा भारी काय असणार. पण टेबलावर कुणी हलेना. प्रत्येकाला शेवट माहीत, आणि तो बदलायची कुणाची इच्छा नाही, मग फासा कशासाठी टाकायचा? मित्र दर जुलैला पन्हाळा ते पावनखिंड चालत जातो. त्यानं फासा हातात घेतला, तसाच खाली ठेवला आणि म्हणाला, "ह्यात फासा नको टाकायला. चुकून एक पडला तर मी काय सांगू, तोफा व्हायच्या आधीच बाजी पडले म्हणून?" त्याचं बरोबर होतं. काही गोष्टी आपण खेळायला घेऊ शकत नाही, त्यांच्यापुढं उभं राहून ऐकायच्या असतात. सेशन तिथंच थांबवलं, चहा केला.

पण घरी विचार करताना जाणवलं की ती गोष्ट बाजूला ठेवली तरी तिचा सांगाडा राहतोच. अरुंद जागा, थोडी माणसं, आणि लांबून एक आवाज येईपर्यंत टिकायचं. आवाज! इथं जिंकणं म्हणजे शत्रू संपवणं नाही, कानावर एक इशारा पडणं आहे. हे मला कुठल्याच रूलबुकात इतकं स्वच्छ सापडलं नव्हतं आणि ते मी चौथीपासून ऐकत आलो होतो.

त्याच सुमारास आत्याकडं लग्नानंतरचा गोंधळ होता. आधी कितीतरी गोंधळ बघितलेत पण ह्यावेळी मी डीएम म्हणून बघत होतो. संबळ, तुणतुणं, दिवटी. आधी गण, मग देवांना आवतन, एकेका गावाचं नाव घेऊन तिथल्या देवाला बोलवायचं, मग आख्यान, शेवटी आरती. आख्यान सांगणारा एक असतो आणि त्याला मधेच अडवून प्रश्न विचारणारा साथीदार असतो, तो मुद्दाम भाबडे प्रश्न विचारतो आणि त्या उत्तरातनं गोष्ट पुढं सरकते. मी बघतच राहिलो. अहो, हेच तर टेबल आहे! सांगणारा आणि अडवणारा. वहिनींचा देवीचा प्रश्न अडथळा नव्हता, ती साथ होती, मला घेता आली नाही.

पुढच्या रविवारी सगळं नव्यानं सुरू केलं. आधी आवतन. प्रत्येकानं आपल्या पात्राचं गाव सांगायचं, गावचा देव सांगायचा, आणि घरी वाट बघणारं कोण आहे ते सांगायचं. मावसभावानं डोंगरावरचा धनगरवाडा सांगितला. ताईनं वैदूची पोरगी. आणि वहिनी म्हणाल्या, "आमची देवी पाण्याखाली हाय. धरण झालं तवा गाव उठलं, देऊळ आतच राहिलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कळस दिसतो, तवा सगळी नावेतनं जाऊन नारळ फोडत्यात." माडीवर एकदम शांत झालं. माझं सगळं कॅम्पेन, म्हणजे सेशनमागनं सेशन चालणारी सलग गोष्ट, त्या दोन-तीन वाक्यांतनं आलंय, मी फक्त खाली लिहून घेतलं.

नियम मराठीत आणणं हे वेगळंच काम. मूळ नियमांचा एक मोठा भाग जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा झालाय, त्यामुळं श्रेय देऊन कुणालाही तो वापरता येतो, भाषांतर करता येतं. मी चार पानांचं मराठी केलं. पात्राचे गुण आकड्यांत मोजतात, त्यातल्या स्ट्रेंग्थला ताकद, डेक्स्टेरिटीला चपळाई, हे सोपं. कॉन्स्टिट्यूशनला मी 'शरीरप्रकृती' लिहिलं होतं, शेजारच्या पोरानं खोडून 'दम' लिहिलं. तालमीतला शब्द, एकदम फिट. करिश्म्याला कितीतरी दिवस काही सुचेना, शेवटी मित्र म्हणाला 'वट' लिही की. त्याची वट किती, सोळा. ह्यापुढं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. सेव्हिंग थ्रोला, म्हणजे संकटातनं वाचायला टाकतात त्या फाशाला, 'निभाव' केलं. शब्द बदलले आणि मित्राचं इंग्लिश आपोआप बंद झालं.

वहिनींनी पात्राचा प्रकार (क्लास) बार्डचा घेतला, म्हणजे आमच्यात शाहीर. आम्ही खेळतो त्या २०१४ च्या नियमांत बार्डकडं एक ताकद असते, त्यानं साठ फुटांच्या आतल्या ऐकू शकणाऱ्या साथीदाराला स्फूर्ती दिली की त्याला सुरुवातीला सहा बाजूंचा एक जादा फासा मिळतो आणि तो पुढच्या दहा मिनिटांत कधीही आपल्या वीसच्या फाशात मिळवता येतो. मी घरचा नियम केला की फासा द्यायचा तर एक ओळ म्हणायची, स्वतःची, तिथल्या तिथं. आणि बाकीच्यांनी 'जी' म्हणून झील धरायची. पहिल्या दिवशी सगळे लाजले. तिसऱ्या सेशनला खालून आई विचारायला वर आली की भजन आहे का.

संगीताच्या बाबतीत मी बरंच पडलो-उठलो, ते सांगतो. शब्द असलेली गाणी लावायची नाहीत, माणसं बोलायची थांबून गाणं ऐकतात. फुकटच्या ॲपवरनं काही वाजवायचं नाही, आमची म्हातारी देवऋषी शाप देत असताना मधेच साबणाची जाहिरात लागली आणि तो प्रसंग परत उभा राहिला नाही. आणि लढाईला दोन मिनिटांची हलगी लूपवर लावली तर वीस मिनिटांत डोकं उठतं. ह्या शेवटच्या गोष्टीनं मला खूप छळलं, कारण खासबागेच्या कुस्ती मैदानात हलगी तासन्तास वाजते आणि कुणाचं डोकं उठत नाही. का? परत एका मैदानाला गेलो आणि पैलवानांकडं न बघता हलगीवाल्याकडं बघत बसलो. तो कुस्ती बघून वाजवतो. दोघं नुसते हात अजमावत असतील तर ठेका संथ, पकड बसली की चढतो, डाव टाकला की तुटून पडतो, आणि सुटका झाली की परत खाली येतो. रेकॉर्डिंगला डोळे नाहीत. एवढंच होतं ते.

मग शेजारच्या पोराला विचारलं, तो म्हणाला, "दादा, मग मीच वाजवतो की, माझी पाळी नसंल तवा."

जुलैच्या शेवटच्या रविवारी ते सेशन झालं ज्याच्यासाठी मी हे सगळं केलं होतं. गोष्ट अशी की धरणाच्या खालच्या बाजूला मातीचा जुना बांध, पाणी चढतंय, पाण्यातनं काहीतरी बांध उकरतंय, आणि ह्या पाच जणांनी तो तेवढा वेळ धरायचा की वरची वस्ती टेकडावर पोचेल. पोचली की शंख वाजणार. शत्रूचे हिट पॉइंट, म्हणजे तो किती मार खाऊन पडेल तो आकडा, मी लिहिलेच नव्हते.

पाण्यासाठी मी पुठ्ठ्याची मोजपट्टी केली होती. इथल्या खरी कॉर्नर नावाच्या चौकात सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथनं माझं रोजचं जाणं-येणं. ज्या माणसानं मूकपटाच्या काळात ह्या गावात स्वतःचा कॅमेरा घडवला, सेट आणि पोस्टर स्वतः रंगवले, त्याच्या गावात राहून आपण खेळातल्या रेडिमेड मिनिएचरची, म्हणजे छोट्या बाहुल्यांची, वाट बघत बसायचं हे मला पटत नाही. तर पट्टीवर फूट लिहिले. एकोणचाळीसपासून त्रेचाळीसपर्यंत. कोल्हापूरच्या माणसाला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, पावसाळ्यात सकाळी उठून आधी हेच बघतो आपण. रंकाळ्यावर यादीत पूर का लिहिला होता ते पट्टी टेबलावर ठेवली तेव्हा मला कळलं. ताईनं पट्टी बघितली आणि नुसतं "बाई गं" म्हणाली. तिनं २०१९ ला आणि २०२१ ला ड्युटी केलीय.

पावसानं हलगी उतरली होती, चामडं ओलं धरलं की आवाज बसतो. पोरगा खाली जाऊन गॅसवर शेकून आला आणि सुरू झालं. एक राउंड म्हणजे पात्रांसाठी सहा सेकंद. आम्ही नऊ राउंड खेळलो, म्हणजे आत एक मिनिटसुद्धा नाही, आणि टेबलावर पावणेदोन तास. शाहीर पण हेच करतो, तलवार वर जाते आणि खाली यायच्या आधी चार कडवी होतात, आणि कुणाला ती जास्त वाटत नाहीत. दर राउंडला मी पट्टीवरचा दोरा थोडा वर सरकवायचो. वर पत्र्यावर खरा पाऊस. बेचाळीसला मावसभावाचा धनगर पडला, ताई त्याच्याकडं पळाली, बांधाच्या भगदाडात मित्र एकटा पाठ लावून उभा. निभाव पाहिजे होता पंधराचा, त्याला फाशावर पडले अकरा. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही, वहिनींकडं बघितलं. त्यांनी दिलेला सहाचा फासा त्याच्याकडं राखून होता. हलगी कधी थांबली मला आठवत नाही. फाशावर पाच पडले.

मी शंख फुंकला. आजोबांचा, देवघरातला, आईला विचारून आणला होता आणि दोन आठवडे गच्चीवर प्रॅक्टिस केली होती. मित्र चष्मा काढून डोळे पुसत होता आणि त्याला ते लपवावंसं वाटलं नाही. त्याला म्हटलं, हितं फासा टाकलास की. तो म्हणाला, "ही आपली हाय नव्हं."

पुढच्या रविवारी वहिनींनी वही काढली. आठवड्यात लिहून आणलं होतं, उभ्या राहून म्हटलं, आणि पोरानं टेबलावरच बोटांनी ठेका धरला:

पाणी चढलं बांधावरती, रात काळी झाली, जी
पाच जणांनी पाठ लावली, माती नाही हलली, जी

अजून सहा कडवी आहेत, त्यांनी सगळी लिहायला परवानगी दिलेली नाही. पुढचा टप्पा म्हणजे धरणात बुडालेल्या देवळात उतरायचं. आत काय आहे ते मी दोन-तीन तऱ्हेनं लिहून खोडलंय, काल वहिनींनाच विचारलं की तुमच्या मनात काय आहे, कळसाखाली काय असेल. पोळ्या लाटत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, आधी पाणी तर उतरू दे."