मागाचा लंगडा लूप अखेर सुटला

मागच्या नोंदीत यंत्रमागाच्या आवाजाच्या ज्या लूपवर (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यावर) चिडून हेडफोन काढून ठेवले होते, तो काल रात्री पावणेबाराला नीट फिरला! तीन आठवडे गेले त्यात.

इचलकरंजीला मामांच्या शेडमधल्या साध्या यंत्रमागाचा एक खटका कापून व्होल्का सॅम्पलमध्ये (रेकॉर्ड केलेले आवाज तालात वाजवणारं छोटं यंत्र) घातला की ताल मेल्यासारखा वाजायचा. आधी ३१.२५ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर संशय घेतला, मग सिंकस्ट्रीमवर (त्यात फाइली आवाजाच्या रूपात पाठवायची पद्धत). झीरो क्रॉसिंगवर (लहर शून्यातून जाते तिथं) कापलं, स्विंग (ठोके जरा मागेपुढे सरकवणं) फिरवून पाहिला. ढिम्म फरक नाही.

शेवटी मामांच्या जॉबरला (माग दुरुस्त करणारा कारागीर) फोनवर ऐकवलं. लगेच म्हणाला, "अवो, ह्यो माग एकाच बाजूनं मारतोय की!"

तेच तर! क्रँक शाफ्टच्या दोन फेऱ्यांत खालचा शाफ्ट एकदाच फिरतो. धोटा (आडवा धागा नेणारी नळी) एका फेरीत डावीकडून सुटतो, दुसरीत उजवीकडून. आवर्तन दोन खटक्यांचं, आणि मी अर्धंच कापत होतो. मोजलं तर डाव्यापासून उजवा ४५० मिलिसेकंद, उजव्यापासून डावा ४२०. हा तीसचा फरक म्हणजेच मागाची चाल, आणि ग्रिडवर (समान अंतराच्या घरांवर) बसवताना मी तीच पुसत होतो. आता ८७० मिलिसेकंदांचा अख्खा तुकडा, टेम्पो १३८, सोळा स्टेपपैकी (घरांपैकी) पहिल्या आणि नवव्या स्टेपवर. शेवटाला बारीकसा फेड. अर्धा तास नुसता ऐकत बसलो.

सत्तरच्या दशकात शेफिल्डमध्ये कॅबरे व्होल्टेअर हा बँड टेपचे लूप जोडायचा, तेव्हा टेपची लांबी हाच ताल होता. ग्रिडची सवय आपल्याला नंतर लागली.

रेकॉर्डिंग २७ मिलिमीटरच्या पिएझो चकतीवर (कंपनं थेट पकडणारा माइक), मागाच्या ओतीव सांगाड्याला चिकटवून. साध्या माइकमध्ये अख्खी शेड घुसते. बफर (मधलं छोटं सर्किट) मात्र हवाच, नाहीतर खर्ज गायब. त्यासाठी ऑनलाइन मागवलेले जे२०१ एफईटी (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) बनावट निघाले. टीएल०७२ या ऑप-ॲम्प चिपवर १ मेगओहम इनपुटचा बफर केला, उत्तम चाललाय. एफईटी यापुढे दुकानात जाऊन, तपासूनच घेणार.

लूपखाली ड्रम मशीनचा किक (खर्जातला ठोका) टाकायचं ठरलं होतं. पण लिहिता लिहिता आठवलं, धोटा अडकून माग खाड्कन थांबतो तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये दोनदा आलाय, मी कचरा म्हणून बाजूला काढला होता. किक रद्द. तोच वापरणार.

रविवारी पुन्हा शेडवर जातोय, दोन चकत्या घेऊन. एक डाव्या अंगाला, एक उजव्या. व्होल्कातले सॅम्पल मोनो असले तरी प्रत्येक पार्टला पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवायची सोय) आहे. सारख्या लांबीच्या दोन फाइली एकाच स्टेपवर सोडल्या की धोटा कानांमधून आरपार जायला हवा.