आबांची टाच

आबांची डावी बाजू अर्धांगवायूनं गेली. बारा दिवसांनी त्यांना वाईला घरी आणलं, तेव्हा सोबत गोळ्यांची यादी होती, व्यायामाचा तक्ता होता. अंथरुणावर पडून होणाऱ्या जखमांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. पण शेजारच्या काकींचे शेवटचे महिने आम्ही पाहिले होते. त्यामुळे पहिल्याच दिवशी पंपवाला एअर बेड भाड्यानं आणला, मेडिकलमधून कमरेखाली ठेवायची रबरी रिंग घेतली आणि मी रोज सकाळी आबांची पाठ तपासायला लागलो. पाठ स्वच्छ होती.

घोळ टाचेत झाला. पाय गार पडतात म्हणून आईनं घातलेले लोकरीचे मोजे आठवडाभर कुणी काढलेच नव्हते. कॅथेटर बदलायला सिस्टर आल्या, त्यांनी आधी मोजे ओढले. डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळसर डाग. कातडी फुटलेली नव्हती.

"दाबून बघा," त्या म्हणाल्या. दाब काढला की बोटाची जागा क्षणभर पांढुरकी दिसते; इथं रंग जराही हलला नाही. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसतच नाही, म्हणून त्यांनी माझ्या हाताची पालथी बाजू दोन्ही टाचांना लावायला सांगितली. डावी चक्क गरम होती, आणि घट्टही.

मग त्यांनी अंथरूण उलगडलं. बेड थंड लागतो म्हणून आईनं त्यावर वाकळ घातलेली, वर रबरी शीट, त्यावर दुहेरी चादर. पंप रात्रंदिवस घुरघुरत होता, पण त्याचा उपयोग आबांच्या अंगापर्यंत पोचतच नव्हता. रिंगही गेली: मधली जागा अधांतरी राहते खरी, पण कडेनं दाब पडून तिथला रक्तपुरवठा आवळला जातो. आत्याला सगळ्यात लागलं ते तेल चोळणं बंद केल्याचं. लाल जागा चोळायची नाही, आतली नाजूक झालेली कातडी आणखी दुखावते, हे तिला अजून पटलेलं नाही.

सिस्टरांच्या फॉर्मवर सहा गोष्टी होत्या: स्पर्श कळतो का, ओल किती, उठणं-चालणं, स्वतः कूस बदलणं, जेवण, आणि अंग घासलं-ओढलं जाणं. एकूण 6 ते 23 गुण, 18 किंवा कमी म्हणजे धोका. आबांना 12. ओढण्याचा दोष माझाच. उशाला वर घेताना मी त्यांना काखेत धरून खेचायचो. आता आडव्या चादरीवर दोघं मिळून उचलतो. उशाकडची बाजूही जेवण झालं की खाली करतो, नाहीतर माणूस घसरतो आणि माकडहाडावरची कातडी आतून ताणली जाते.

टाचेसाठी उपाय साधा होता. पोटरीखाली लांब उशी, टाच हवेत. टाचेखालून कागद सहज सरकायला हवा. कूस बदलताना पूर्ण नव्वद अंशांत नाही, पाठीमागे उशी लावून साधारण तीस अंशांत, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. दिवसा दर दोन तासांनी. कॅलेंडरवर मी "डा, पा, उ" लिहायचो. रात्रीचं गजर लावणं चार दिवसांत जमेना, मी दुकानात पेंगायला लागलो. कातडी बघून सिस्टरांनी रात्रीचं अंतर तीन तासांचं केलं. डायपर मात्र खराब झाला की लगेच बदलायचा, त्यात सूट नाही. जेवणात अंडं आणि घट्ट वरण वाढवलं. आबांनी अंडं तीनदा थुंकलं, चौथ्यांदा धिरड्यात लपवलं.

डाग जायला तीन आठवडे लागले.

आई अजून म्हणते, पाय गार पडतात. मोजे घालतेच. पण दिवेलागणीला स्वतः काढते, दोन्ही टाचांवर हाताची पालथी बाजू फिरवते आणि मगच देवाजवळ दिवा लावते.