आमची वाटचाल : एका इंचात सहा फुटी माणूस

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमची शेड आहे आणि आम्ही मॉडेल बनवतो. एवढं सांगितलं की लग्नाकार्यात भेटलेला माणूस आधी आपल्या कपड्यांकडे बघतो. मग खुलासा करावा लागतो : रिफायनरीचं मॉडेल, बॉयलरचं, ट्रान्सफॉर्मरचं, प्रदर्शनातल्या स्टॉलवर काचेच्या पेटीत असतं ना, ते. बडोद्यात या कामाला गिऱ्हाईक आहे. 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, 1969 मध्ये आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी स्थापन झाली, आणि त्यांच्या मागोमाग टाक्या, व्हेसल, व्हॉल्व्ह करणाऱ्यांची रांग लागली. त्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी आपला प्लँट टेबलावर मावेल एवढा करून हवा असतो.

आमच्या धंद्याचं मूळ मात्र इंग्लंडातल्या लेस्टरहून आलं.

दांडिया बाजारात आम्ही वाड्यात राहायचो. शेजारच्या घरात एक बा होत्या, त्यांचा मुलगा लेस्टरला. तो हिवाळ्यात आला की वाड्यातल्या सगळ्या मुलांना चॉकलेटं मिळायची. एका वर्षी त्याच्या बॅगेतून एक चपटं खोकं निघालं, ते कुणासाठी आणलं होतं देव जाणे. बांनी ते माझ्या हातात दिलं, "ले दीकरा, आ तारा माटे." एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं जोडायचं विमान, फॉलंड नॅट, 1:72, म्हणजे मूळच्या बहात्तराव्या हिश्शाचं.

आत विमान नव्हतंच. प्लास्टिकच्या काड्यांची चौकट आणि तिला लटकलेले तुकडे : अर्धं धड, दुसरं अर्धं धड, पंख, बोटाच्या पेरात हरवतील एवढी चाकं, वैमानिकावरची काचेसारखी पारदर्शक कॅनपी. शेजारी आकडे घातलेल्या चित्रांचा कागद. आतापर्यंत मिळालेलं प्रत्येक खेळणं तयार आलं होतं आणि ते मोडून आत काय आहे हे बघायचं काम आमचं असायचं. इथे कुणीतरी आधीच व्यवस्थित सुटं करून पाठवलं होतं.

खोक्यात डिंक नव्हता. घरात फेविकॉल होता, पण तो लाकडात मुरतो. या गुळगुळीत प्लास्टिकवर नुसती साय धरायची आणि नखाने सोलून निघायची. बाबा आयपीसीएलमध्ये होते. त्यांनी एक तुकडा वाकवून बघितला, टेबलावर टाकून त्याचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "पॉलिस्टायरीन. याला चिकटवायचं नसतं, विरघळवायचं असतं." रविवारी ते मला रावपुऱ्यात एका बोर्ड रंगवणाऱ्याकडे घेऊन गेले. दुकानांच्या पाट्यांवरची अॅक्रिलिकची अक्षरं तो क्लोरोफॉर्मने जोडायचा, इंजेक्शनच्या सिरिंजने. त्याने दाखवलेली रीत अशी : दोन्ही भाग आधी कोरडे जुळवून घट्ट धरायचे, फट डोळ्याला दिसता कामा नये, मग सुईचं टोक त्या रेषेला नुसतं टेकवायचं. थेंब आपोआप फटीतून धावत जातो. दोन्हीकडचं प्लास्टिक वरवर मऊ होतं, एकमेकांत मिसळतं, क्लोरोफॉर्म उडून जातो आणि दोनाचा एक तुकडा होतो. आज बाजारात मिळणारी पातळ मॉडेल-सिमेंटं याच तत्त्वावर चालतात, फक्त त्यांत वेगळी द्रावकं असतात. क्लोरोफॉर्मची वाफ यकृताला वाईट. आमच्या शेडमध्ये आता त्याला बंदी आहे आणि जोडकामाच्या टेबलावर एक्झॉस्ट आहे. तेव्हा मात्र खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत तळाशी जेमतेम बोटभर मिळालेला तो पातळ, गोडसर वासाचा द्रव म्हणजे माझी इस्टेट होती.

तो कशाकशावर पडतो आणि काय होतं, हे बघणं ओघाने आलंच. गणपतीच्या मखराचे उरलेले थर्माकोलचे तुकडे माळ्यावर होते. एक थेंब टाकला की तुकड्याला भोक पडून तो खाली बसायचा आणि मागे चिकट पापुद्रा राहायचा. बाबांना विचारलं तर ते हसले : थर्माकोलही पॉलिस्टायरीनच, फक्त फुगवलेलं, आत जवळजवळ सगळी हवा. मखर आणि लढाऊ विमान एकाच मालाचं, हे कळल्यावर मला रसायनशास्त्राची जी गोडी लागली ती शाळेतल्या मास्तरांना कधी लावता आली नव्हती.

विमान उभं राहिलं तेव्हा मोठे काका आले होते. काका हवाई दलात ग्राउंड क्रूमध्ये होते. 65च्या लढाईत पठाणकोटला नॅटवर काम केलेलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, डोळ्यांच्या रेषेत धरलं आणि पहिलं वाक्य उच्चारलं, "दोन सीट? हे आपलं नव्हे." खरंच होतं. एअरफिक्सने केलं होतं ते ब्रिटिश हवाई दलाचं ट्रेनर. आपल्याकडे पाकिस्तानची सेबर विमानं पाडणारं नॅट एकसीटी होतं, पंख टोकापासून टोकापर्यंत 6.73 मीटर. मग काका बोलतच राहिले. विमान इतकं ठेंगणं की शिडी न लावता बरीच कामं व्हायची. उतरताना वेग मारायला चाकंच अर्धी खाली सोडायची, वेगळा एअरब्रेक नाही. आणि मधूनमधून, "हे इथे नाही दाखवलं. ही झडप नाही. हा जोड नाही." मी हिरमुसलो असणार, कारण त्यांनी कागदावर हिशेब करून दाखवला. 1:72 म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. पाच मिलिमीटरचा रिव्हेट मग किती? 0.07 मिलिमीटर. "तो दाखवला तर भोपळ्याएवढा दिसेल. न दाखवला तेच बरं केलं."

हे वाक्य मी पुढे किती इंजिनिअरांना ऐकवलं असेल!

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग मकरपुऱ्यातच एका डायमेकरकडे उमेदवारी. तिथे पेनाची टोपणं, डबे, स्विचच्या प्लेटा यांच्या इंजेक्शन डाय, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबून भरायचे पोलादी साचे, बनायच्या. तिथे उभं राहून माझ्या नॅटचा उलटा प्रवास कळला. तुकड्यांना धरून ठेवणाऱ्या काड्या म्हणजे रनर. वितळलेलं प्लास्टिक त्यांतून वाहत जाऊन साच्यात भरतं. तुकडा जिथे तोडायचा ती बारीक मान म्हणजे गेट. पंखाच्या आतल्या बाजूला गोल ठसे होते, ते मला लहानपणी यंत्राचे भाग वाटायचे. ते साच्यातून माल ढकलून काढणाऱ्या इजेक्टर पिनांचे ठसे, आणि ते बाहेरून दिसणार नाहीत अशा बाजूला घेणं ही डायमेकरची अक्कल. प्रत्येक उभ्या भिंतीला थोडा उतार, नाहीतर माल साच्यातून सुटत नाही. थंड होताना पॉलिस्टायरीन अर्ध्या टक्क्याच्या आसपास आवळतं, म्हणून साचा तेवढा मोठा कोरायचा. पोलादात उलटं कोरलेलं नॅट ज्या माणसाने केलं असेल त्याच्याविषयी मला तेव्हा जो आदर वाटला तो अजून कमी झालेला नाही.

फर्म सुरू झाली ती नव्वदीच्या मध्यावर, घराच्या ओसरीत. दिल्लीला प्रगती मैदानावर प्रदर्शन होतं आणि एका प्लँट उभारणाऱ्या कंपनीला आपल्या युनिटचं 1:50 मॉडेल हवं होतं. परदेशात यासाठी तयार पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह मिळायचे. इथे मिळायचं काय, तर स्टेशनरीचं दुकान आणि मेडिकल स्टोअर. मी गणित मांडलं. सहा इंची पाइप बाहेरून 168.3 मिलिमीटर, भागिले पन्नास म्हणजे 3.4. बॉलपेनची प्लास्टिकची रिफिल साधारण तेवढीच! दोन इंची पाइप 60.3, म्हणजे 1.2, अठरा नंबरची इंजेक्शनची सुई 1.27. मेडिकलवाल्याने एवढ्या सुया कशाला म्हणून बराच वेळ चौकशी केली. टाक्यांसाठी पीव्हीसीचे पाइप, त्यांच्या फुगीर टोकांसाठी, म्हणजे डिश एंडसाठी, सायकलच्या घंटीच्या वाट्या. बायकोने रिफिलमधली शाई पिचकारीने धुऊन काढली आणि आठवडाभर तिची बोटं निळी होती. त्या कंपनीने पैसे फार उशिरा दिले. नाव घेत नाही. स्टॉलवर मॉडेल बघून दुसऱ्या दोघांनी पत्ता विचारला, यातच मिळालं म्हणायचं.

या धंद्यातलं खरं भांडण दरावर नसतं, काय गाळायचं यावर असतं. गिऱ्हाइकाचा इंजिनिअर ड्रॉइंग घेऊन येतो आणि त्याला सगळं हवं असतं. अर्ध्या इंची इन्स्ट्रुमेंट लाइन, म्हणजे मापयंत्रांकडे जाणारी बारीक नळी, 1:100 ला 0.2 मिलिमीटर होते. अशा शेकडो लाइनी खेचल्या तर मॉडेलवर कोळ्याने जाळं विणल्यासारखं दिसतं आणि मधला रिअॅक्टर, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तो दिसेनासा होतो. उलट कठड्याचा पाइप हिशेबाने 0.4 मिलिमीटरचा यायला हवा. तेवढा केला तर तीन फुटांवरून कठडाच नाही असं वाटतं आणि प्लँट उघडावाघडा दिसतो. आम्ही तो 0.7 चा करतो. हिशेबाने चूक आहे, डोळ्याला बरोबर आहे. नव्या पोरांना हे पटायला वेळ लागतो, कारण ती कॉम्प्युटरवर शिकून येतात आणि पडद्यावर हवं तेवढं जवळ जाता येतं. काचेच्या पेटीत कुणाला जवळ जाता येत नाही.

कॉम्प्युटरने आमचं एक काम कायमचं नेलं. पूर्वी प्लँटची पाइपिंग आखताना डिझाइनचंच प्लास्टिक मॉडेल करायचे. पाइप पाइपला कुठे अडतो हे त्यावर कळायचं. ते आता सॉफ्टवेअरमध्ये होतं. आमच्याकडे उरलं ते दाखवायचं आणि शिकवायचं मॉडेल. पुढे कापकामाचं सीओटू लेसर आलं. अॅक्रिलिक त्यावर काचेसारखं कापलं जातं, पीव्हीसी मात्र चुकूनही लावायचं नाही, क्लोरीनचे वायू सुटतात आणि माणूस व मशीन दोघांची वाट लागते. रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आला तेव्हा व्हॉल्व्ह हाताने घासणारा आमचा कारागीर दोन दिवस गप्प होता. आता तोच प्रिंटर चालवतो आणि आलेल्या व्हॉल्व्हवर हाताने शेवटची घासणी मारल्याशिवाय सोडत नाही.

बडोद्याला हे काम नवीन नाही, असं आम्ही गिऱ्हाइकाला ऐटीत सांगतो. सयाजीरावांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या कलाभवन या कला-तंत्र शाळेत दादासाहेब फाळके शिकले. सिनेमाच्या कितीतरी आधी, 1892 च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांना आदर्श नाट्यगृहाच्या मॉडेलसाठी सुवर्णपदक मिळालं होतं. आमच्या कोटेशनच्या मागच्या पानावर ही ओळ छापलेली असते. दर त्यामुळे वाढवून मिळत नाही.

गिऱ्हाइकाने स्वतः जोडायचं, सुट्या भागांचं किट काढायचं मनात कधीपासून होतं. हिंमत आली ती एअरफिक्सचाच इतिहास वाचून. त्यांचं पहिलं किट विमानाचं नव्हतं, 1949 चा फर्ग्युसन ट्रॅक्टर होता. तोसुद्धा मुळात ट्रॅक्टर कंपनीच्या विक्रेत्यांना दाखवायला करून दिलेलं जाहिरातीचं मॉडेल, म्हणजे अगदी आमच्यासारखीच ऑर्डर. जोडून देणं खर्चाचं पडू लागलं म्हणून सुटे भाग विकायला काढले, आणि त्यातून एवढा पसारा झाला. 1981 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली, पण डाय हातोहात फिरल्या आणि 2006 पासून नाव हॉर्नबी या खेळण्यातल्या रेल्वे बनवणाऱ्या कंपनीकडे आहे. फ्रॉग नावाच्या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या डाय तर सोव्हिएत रशियात जाऊन तिथून माल काढत राहिल्या. मालक बदलतात, पोलाद टिकतं. पोलादाच्या डायला मात्र लाखांत पैसा ओतावा लागतो आणि हजारांत माल खपावा लागतो, म्हणून आम्ही सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतून सुरुवात केली. एक साचा वीस-पंचवीस ओतकामं देतो, मग फाटतो.

विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. गायकवाड सरकारची डभोई–मियागाम लाइन, 1862, देशातली पहिली नॅरोगेज. रूळ अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटर. 1:72 ला ते 10.6 येतात आणि तसे रूळ कुठेच तयार मिळत नाहीत. 1:87 ला 8.76 येतात, आणि एन गेज या मॉडेल रेल्वेच्या मापाचे 9 मिलिमीटरचे रूळ बाजारात आहेत. पाव मिलिमीटरचा फरक आम्ही पोटात घातला, कठड्याच्याच न्यायाने. एक साधी चारचाकी उघडी वाघीण, रुळाचा तुकडा, आणि पुढे जोडायला दोन बैल, कारण सुरुवातीची गाडी बैलच ओढायचे. बैलांचा मास्टर, म्हणजे साच्यासाठीचा मूळ नमुना, आमच्या त्या कारागिराने हाताने कोरला, वशिंडापर्यंत सोळा मिलिमीटर उंच. प्रिंटरला हात लावू दिला नाही. माहितीपत्रक मराठी, गुजराती आणि इंग्रजीत आहे, पण मुलं चित्रं बघूनच जोडतात.

खप बेताचा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीला बरा, एरवी थंड. तक्रारीचे फोन मात्र नेमाने येतात आणि जवळजवळ सगळे एकच : खोक्यात इंजिन घालायचं राहिलंय. आधी आमची मुलगी प्रत्येकाला 1862 पासून सगळं समजावून सांगायची. नव्या लॉटच्या झाकणावर आम्ही ठळक छापलं आहे, 'आत इंजिन नाही, बैल आहेत.' त्यानंतर फोन कमी झाले. परवा एकाने विचारलं, बैल सुटे मिळतील का?