आप्पांचं डिस्चार्ज बुक आणि आईची पेन्शन

आप्पांचं तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि आईच्या फॅमिली पेन्शनचं काम माझ्याकडे आलं. आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे. १९६३ला भरती झाले, १९८०ला हवालदार म्हणून घरी आले आणि ऐंशी ओलांडून गेले. पेन्शनरची बायको आहे, तिला पेन्शन मिळणारच, असं सगळे म्हणत होते. मिळतेच, पण कागद जुळले तर.

ट्रंकेतून डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक, काढलं. उंची, छाती, ओळखीची खूण म्हणून डाव्या भुवईवरचा व्रण, मग पदकं: पूर्वी स्टार, संग्राम मेडल. आणि पत्नीच्या रकान्यात आईचं माहेरचं नाव! आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवीन नाव लिहितात. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, सगळीकडे तेच सासरचं नाव. सरकारदरबारी माझी आई म्हणजे दोन वेगवेगळ्या बायका झाल्या होत्या.

सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात रस्ता नीट समजला. आधी फौजींच्या पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर मृत्यूची नोंद करायची, म्हणजे आप्पांची पेन्शन थांबते. नावाची दुरुस्ती पलटणीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत होते आणि सुधारित पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून निघतो. मृत्यूचा दाखला, जुना पीपीओ, डिस्चार्ज बुक, आईचं आधार, पॅन, पासबुक आणि दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, एवढं लागलं. मध्ये एका कचेरीत नावबदल सरकारी गॅझेटमध्येच छापून आणा म्हणून अडवलं, दुसरीकडे प्रतिज्ञापत्र चालेल म्हणाले. या ओढाताणीत महिने गेले. आई काही बोलायची नाही, पण औषधं पुरवून पुरवून घ्यायला लागली होती. ते बघून मला फार राग यायचा.

प्रतिज्ञापत्राला साक्षीदार म्हणून शेजारच्या गावचे काका आले. पलटणीत आप्पांच्याच कंपनीतले, लग्नालाही हजर होते. तहसील कचेरीबाहेर नोटरीची वाट बघत बसलो होतो. मी सहज विचारलं, "काका, जमालपूरला तुम्ही दोघं बरोबर होता का?" आप्पा घरी या विषयावर कधी बोलले नव्हते.

काका बोलत राहिले. डिसेंबर १९७१, बांगलादेशचं युद्ध. ब्रह्मपुत्रेच्या काठच्या जमालपूरमध्ये पाकिस्तानची ३१ बलूच ही पलटण ठाण मांडून होती. जंगी पलटण रात्री गावठी होड्यांतून नदी उतरली आणि वळसा घालून दक्षिणेला ढाक्याचा रस्ता अडवून बसली. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर बलूचच्या कर्नलने उत्तराच्या कागदासोबत बंदुकीची गोळी पाठवली. १० तारखेच्या रात्री ते फोडून बाहेर पडायला आले ते थेट आपल्या मोर्च्यांवर. "रात्रभर आले गं ते, पुन्हा पुन्हा. तुझा बाप माझ्या उजव्या हाताला होता. दारूगोळा जपून वापरा म्हणून एकेकाला सांगत होता. दिवस उजाडल्यावर समोर बघवंना." दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं, १६ तारखेला ढाका.

आई शेजारीच बसून ऐकत होती. म्हणाली, "म्हणून हे थंडीत रात्रीचं उठून बसायचे होय." पन्नासहून जास्त वर्षांच्या संसारात तिलाही हे आत्ता कळत होतं.

आम्हाला माहीत असलेले आप्पा वेगळेच होते. निवृत्तीनंतर साखर कारखान्याच्या गेटवर रखवालदारी केली, त्या पगारावर आम्हाला आणि थोरल्या काकांच्या मुलांना शिकवलं. कोळशाच्या इस्त्रीने सगळ्या पोरांचे शाळेचे कपडे करायचे. सुगीत आई रानात असली की फौजेच्या लंगरात शिकलेल्या हाताने घट्ट डाळ करायचे आणि पोळ्या अशा भराभर लाटायचे, की आजीला सुनेपेक्षा लेकाचंच कौतुक. मी कॉलेजला साताऱ्याला जायचं म्हणाले तेव्हा भावकी नाही म्हणत होती. आप्पांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी माझी पेटी सायकलला बांधून एसटी स्टँडवर उभे राहिले.

अखेर सुधारित पीपीओ आला, फॅमिली पेन्शन सुरू झाली, थकबाकीही मिळाली. आप्पांच्या पेन्शनपेक्षा रक्कम बरीच कमी, पण ती आईच्या स्वतःच्या खात्यात येते. दर वर्षी हयातीचा दाखला तेवढा द्यायचा.

आता गावातल्या फौजींच्या बायका कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी आधी डिस्चार्ज बुक आणि आधार शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख ताडून बघते. पेन्शनर हयात असताना त्याच्याच सहीने दुरुस्ती मागितली तर काम पुष्कळ सोपं जातं, हे प्रत्येकीला सांगते. सध्या दोघींचं काम चालू आहे. त्यातल्या एकीचे मालक पंचाहत्तरीचे आहेत, तब्येत नरम आहे, म्हणून पुढच्या सोमवारी आधी त्यांना घेऊन साताऱ्याला जायचं ठरलंय.