चरबी मोजायची तर चिमटा नीट घ्या

चरबी दाखवणारा वजनकाटा चरबी मोजतच नाही. तो तळपायांतून बारीक वीजप्रवाह सोडतो, त्याला किती अडथळा होतो ते पाहतो आणि त्यावरून अंगातल्या पाण्याचा अंदाज बांधतो. पुढचं सगळं आत भरलेलं सूत्र ठरवतं. पाणी कमी पडलं की चरबी वाढलेली दिसते. शिवाय प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो, त्यामुळे पोटाची दखल जेमतेमच घेतली जाते.

त्यापेक्षा साधा कॅलिपर, म्हणजे कातडीच्या घडीची जाडी मिलिमीटरमध्ये दाखवणारा चिमटा बरा, पण तो हातात धरता आला पाहिजे. घड्यांच्या जाडीवरून चरबीचा अंदाज बांधणाऱ्या जॅक्सन-पोलॉक पद्धतीत पुरुषांसाठी तीन जागा आहेत: छातीवर काख आणि स्तनाग्र यांच्या मध्ये तिरकी घडी, बेंबीच्या उजवीकडे २ सेंमीवर उभी, मांडीच्या पुढच्या बाजूला मधोमध उभी. स्त्रियांसाठी दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडाच्या वर आणि मांडी. मोजमाप उजव्या बाजूचं. अंगठा आणि तर्जनीने कातडी व तिच्याखालची चरबी उचलायची, स्नायू नाही. हाती नक्की काय आलंय कळेना, तर समोरच्याला स्नायू आवळायला सांगा. आवळलेला स्नायू बोटांतून निसटून जातो. बोटांच्या १ सेंमी खाली कॅलिपर लावायचा, दोनेक सेकंदांनी आकडा वाचायचा आणि तोवर घडी सोडायची नाही. तिन्ही जागांची एक फेरी संपवून मगच दुसरी. एकाच जागी लागोपाठ दाबलं की चरबी दबते आणि आकडा उतरतो. तेल लावलेल्या किंवा घामेजल्या अंगावर घडी टिकत नाही.

चाळिशीच्या पुरुषाची तिन्ही घड्यांची बेरीज ६० मिमी आली तर या पद्धतीच्या सूत्राने चरबी सुमारे १९.१ टक्के निघते. प्रत्येक जागी २ मिमी जास्त धरलं गेलं की तीच २०.८. महिन्याभराची मेहनत एवढ्यात झाकली जाते, म्हणून दर वेळी मोजणारा माणूस एकच हवा. ही सूत्रं अमेरिकेतल्या लोकांवर बेतलेली आहेत, तेव्हा टक्क्यांपेक्षा मिलिमीटरची बेरीजच वहीत लिहावी, असं माझं मत.

आपल्याकडे टक्क्यांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण युडकिन यांची चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. ती डेक्सा यंत्रावर, म्हणजे दोन वेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी मोजलेली होती.

पोटाच्या आतली चरबी मात्र चिमट्यात येत नाही. तिच्यासाठी शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर घेर मोजायचा. भारतीय पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमी गाठले की सावध व्हायचं. टेप पाठीमागे हमखास खाली घसरते. आरशात बघून ती सरळ करून घ्या.